जड झालेलं हँडल

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या पोलीस नोकरीतलं एक प्रकरण अजून माझा पिच्छा सोडत नाही. खून पाहिले, दरोडे पाहिले, जंगलातल्या चकमकी पाहिल्या; त्यातलं पुष्कळ विसरलोही. हे मात्र जेवताना, पूजा करताना, कुठेही आठवतं आणि हातातलं तसंच राहतं. नाव कुणाचंच घेणार नाही. ती माणसं आजही त्याच घरात राहतात.

निवृत्तीच्या आधीचा हिवाळा होता. ठाण्यात सकाळची हजेरी घेऊन मी चहाचा कप उचलला, तोच फोन आला. गोंदिया रोडवर, राजेगावच्या अलीकडच्या वळणावर, एक मोटारसायकल वळलीच नाही; सरळ पुलाच्या कठड्यावर गेली. पोरगा जागीच गेला. शेतकऱ्याचा एकुलता एक मुलगा, नुकतंच लग्न जुळलेला.

पंचनामा मी स्वतः केला. रस्ता कोरडा, समोरून कोणी आलेलं नाही, ब्रेक दाबल्याची खूण स्पष्ट. मग वळला का नाही? मी गाडीचं हँडल फिरवून पाहिलं. चिखलात रुतलेला पाय ओढावा, तेवढा जोर लागत होता. आपटून वाकलं असेल म्हणून परिवहन खात्याच्या तपासणी अधिकाऱ्यांना बोलावलं. त्यांनी हँडलजवळ बसवलेली एक नळी काढली आणि हँडल बऱ्यापैकी मोकळं झालं.

त्या नळीला स्टिअरिंग डॅम्पर म्हणतात. वेगात हँडल थरथरू नये म्हणून हौशी पोरं ती लावून घेतात. आत तेल असतं. ते पातळच लागतं आणि अधूनमधून बदलावं लागतं. या नळीत कोणीतरी डांबरासारखं जाड, काळं तेल भरलं होतं. थंडीने ते आणखी घट्ट झालेलं. अधिकारी म्हणाले, "असं हँडल ऐन वळणावर दगा देणारच."

हँडल बिघडवलेलं होतं एवढंच आम्ही बाहेर सांगितलं, तेलाचं नाही. आता प्रश्न एकच होता. हे तेल घातलं कोणी?

नाक्यावरचा एक चहावाला माझा जुना खबऱ्या. त्याने सांगितलं की आदल्या दिवशी मृताचं आणि त्याच्या जिवलग मित्राचं त्याच्या टपरीसमोर कडाक्याचं भांडण झालं. मित्राचं बालाघाटात गॅरेज; डॅम्पर त्यानेच बसवलेला. तो सगळ्यांदेखत ओरडला होता, "इतकी जोरात गाडी चालवतो, मरशील एक दिवस, मंग समजन तुले!"

मृताचा बाप तर रोज ठाण्यात येऊन बसायचा. "साहेब, त्यानंच मारलं माह्या पोराले. त्याले फासावर चढवा." समजावून थकलो, पण ऐकेल तर शपथ.

मित्राला उचललं. पहिल्यांदा तो ठाम होता, "म्या काहीच नाही केलं, साहेब." मग मी नळीतलं तेल वाटीत घालून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने बोट बुडवलं, चोळलं, नाकाशी नेलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. वाटी हळूच दूर सारली. मग म्हणाला, "मीच टाकलं. लिहून घ्या."

"काहून टाकलं?"

"राग होता."

एवढंच. कुठून आणलं, कधी भरलं, काही धड सांगेना. गॅरेजची झडती घेतली, तसलं तेल सापडलं नाही. माझं मन खात होतं. खोटं बोलून गुन्हा नाकारणारे मी ढिगाने पाहिले. पण खुनाचा आरोप असा पदरात ओढून घेणारा नवीनच होता. रिमांड मिळाला होता, पत्रकार दारात उभे होते, आणि पोरगं जन्मठेपेच्या वाटेला लागलं होतं.

पुरवणी जबाबासाठी मी बापाच्या घरी गेलो. ओसरीवर बसलो, कागद काढला. तो मित्राच्या नावाने बोटं मोडत होताच.

"कसा हलगर्जी पोरगा आहे पाहा, साहेब! नळीतून तेल गळून राह्यलं म्हनून माह्या पोरानं त्याले दहादा सांगतलं. आज करतो, उद्या करतो. शेवटी म्याच बदललं. पातळ तेल गळनारच ना जी? म्या ट्रॅक्टरच्या गिअरचं टाकलं. थेंब नाही गळला मंग. हँडल बी कसं घट्ट झालं, हलाचं नाव नाही."

माझा पेन थांबला. अरे देवा!

"साहेब, तुम्ही लिहून काहून नाही राह्यले?"

तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मग अंगणाच्या कोपऱ्यातल्या ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. आणि असा ओरडला की शेजारीपाजारी धावत आले.

ठाण्यात परतून मी मित्राला बाहेर काढलं आणि विचारलं, "तुला माहीत होतं?"

"वासावरूनच वळखलं, साहेब. काकाच्या ट्रॅक्टरात ते तेल मीच भरतो." मग एकदम घाबरून म्हणाला, "काकूले सांगतलं का? पोराले काकानंच मारलं असं समजलं, तं काकू त्याच्यासंग एका घरात कशी राहीन?"

खुनाचं कलम निघालं. खात्मा अहवाल, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा कागद, न्यायालयात गेला आणि पोरगा सुटला. त्या दिवशी मृताची आई ठाण्यात आली. डोक्यावर पदर, डोळे कोरडे. त्याच्यापुढे उभी राहून म्हणाली, "बाबू, मले पहिल्या दिवसापासूनच माहीत होतं. मालक तेल टाकत होते तवा गाडी धरून मीच उभी होती. सकाळी निघताना लेक म्हनला, आई, हँडल लय जड झालं, काढून टाकतो. मी म्हनलं, बाबानं एवढ्या हौसेनं केलं, आज राहू दे, त्याइले वाईट वाटन. मालकाले आपन काय केलं ते समजलं असतं तं त्याइनं जीव देला असता. म्हनून तुले आत जाऊ देलं रे."

पोराने खाली वाकून तिचे पाय धरले.

मग ती माझ्याकडे वळली. "म्या काढू देलं असतं तं वाचला असता ना, साहेब?"

चौकशीच्या खोलीत माणूस खोटं बोलतो ते स्वतःची कातडी वाचवायला, असं आम्हाला शिकवतात. बहुतेकदा खरंही असतं. या प्रकरणात मात्र पोरगा तिच्यासाठी खोटं बोलला आणि ती नवऱ्यासाठी गप्प राहिली. त्यात एका निर्दोष माणसाचं आयुष्य जाणार होतं. मायेनेही माणूस इतका कठोर होतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. उरलेल्या नोकरीत पटकन गुन्हा कबूल करणाऱ्याला मी आधी विचारत असे, तुझ्या घरी कोण आहे?

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. अहवालात ते माझ्याच सहीने लिहिलेलं होतं.

"नाही, बाई," मी म्हणालो. "ते वळणच वाईट आहे."