उपटलेल्या यंत्राची निरवानिरव

नांदेडच्या कचेरीसमोर लोकांचे अर्ज लिहिण्यात माझी उमर गेली. शिक्षण नववीपर्यंत, तथापि माझ्या मसुद्यात वकिलांनाही सहसा फेरफार करावा लागत नाही. त्या अधिकाराने सांगतो, माझ्या सुनेचे काम उच्च प्रतीचे आहे.

संगणक चालवणाऱ्या यंत्रणेचा गाभा म्हणजे कर्नल. त्यात जगभरातले लोक दुरुस्त्या सुचवतात, तशी तीही घरबसल्या सुचवते. लग्नानंतर तिची पुण्याची नोकरी सुटली, तेव्हा लातूरचे माहेरचे लोक शिक्षण वाया गेले असे म्हणू लागले. म्हणून तिची पहिली दुरुस्ती मंजूर होण्याकडे तिचे डोळे लागले होते.

जोडलेले यंत्र काढले, की त्याच्या ड्रायव्हरने, म्हणजे ते चालवणाऱ्या प्रोग्रामने, अडवलेली मेमरी मोकळी करायची असते. त्यासाठी प्रोग्रामचा स्वतंत्र तुकडा असतो, त्याला फंक्शन म्हणतात. एका जुन्या ड्रायव्हरचे ते फंक्शन मध्येच काही अडले, की ‘जमत नाही’ असे कळवून परत फिरत असे.

“मग कर्नल काय हुकूम देतं?” मी विचारले.

“काहीच न्हाई, मामा. ते उत्तर पाहतच न्हाई. वायर तर उपटलेली हाय, आता नकार देऊन कोणाला थांबवणार? उलट निम्मं सामान तसंच पडून राहतं.”

तिने नकार कळवण्याची सोयच काढून टाकली आणि काही अडले तरी पुढची आवराआवर पुरी व्हावी अशी रचना केली. आलेल्या दुरुस्त्या तपासून मंजूर करणाऱ्या परदेशातील तपासनिसाने विचारले, प्रत्यक्ष यंत्रावर करून पाहिले काय?

ते यंत्र, म्हणजे जुना प्रिंटर जोडायची डबी, माझ्याच टेबलावर होते. ती लॅपटॉप घेऊन आली आणि चालू छपाईत डबी उपटू लागली. पूर्वी असे केले की लॅपटॉप गोठून बसे.

अर्धापूरचा एक केळीवाला अर्जासाठी थांबला होता. “काका, सूनबाई तुमचं दुकान मोडून राहिली की!”

“गप बसा. मोठं काम चालू हाय.”

“अन् माझा अर्ज?”

“तोच तपासाला लावलाय, भाऊ,” सून हसली. “लई नशीबवान तुमी.”

तिने पुन्हा जोडले, पुन्हा उपटले. लॅपटॉप चालत राहिला. मेमरीही मोकळी झाली. तसे तिने कळवले.

काही दिवसांनी उत्तर आले : स्वीकारले, आभार. इतका नेमका हुकूम मी कोणत्याही कचेरीतून निघालेला पाहिला नाही. तिने लगेच माहेरी फोन लावला.

“आई, मंजूर झालं!”

“काय मंजूर झालं गं?”

तिला हुंदका आवरेना. मी फोन घेतला. “विहीणबाई, बसून घ्या,” म्हणालो, आणि सर्व हकिकत मुद्देसूद सांगितली.