नाना जानेवारीत शूर नसतात

फौजेतून सुटलेली माणसं रोज एका जागी बसली की किस्से आपोआप साचतात, झाडून काढायला कुणी येत नाही! आमची जागा म्हणजे परंड्याच्या स्टँडसमोरचं बशीरभाईंचं टेलरिंगचं दुकान. बशीरभाई फौजेत शिंपी होते, मी आचारी. खरा सैनिक आमच्यात एकच, सुभेदार नाना. उभी हयात नोकरीत गेली, कोटावर पदकांची रांग आणि रांगेत पहिलं शौर्यपदक. त्यामुळं निम्मे किस्से त्यांच्याच नावावर आहेत.

*

शाळेत नानांचा सत्कार होता. हेडमास्तरांनी माइक पुढं केला. "नाना, पदक कसं मिळालं, मुलांना सांगा."

"गोळीबार सुरू झाला. म्या पळालो. दिशा चुकली!"

टाळ्या वाजवायच्या की नाही, हे हेडमास्तरांचं ठरेपर्यंत नाना खाली बसले होते.

*

खंडेनवमीला नानांच्या घरी विळ्या-कोयत्यांच्या ओळीत पदकंही पूजेला मांडतात. काकू आधी ती चिंचेनं घासतात. एकदा हळदकुंकवासकट पदकं कोटावर चढली आणि कार्यक्रमाला आलेल्या कर्नलसाहेबांची नजर गेली.

"सुभेदार, ये क्या है?"

"सर, मॅडम का ऑर्डर है!"

साहेबांनाही घर होतं. ते पुढच्या माणसाकडं वळले.

*

एक कोडं मात्र सुटत नव्हतं. पंधरा ऑगस्टला नानांची रांग भरलेली असायची आणि सव्वीस जानेवारीला पहिली जागा मोकळी. दर वर्षी!

"नाना, शौर्यपदक कुठंय?"

"थंडी लई हाय. त्याला सोसत न्हाय."

बशीरभाईंनी निकाल दिला, "अपने नाना ऑगस्ट में शूर, जानेवारी में रजेवर!"

नाना हसले आणि त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला.

*

मागच्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाच्या मैदानात शौर्यपदकवाल्यांसाठी पुढची रांग राखली होती. नवे साहेब नानांना म्हणाले, "पदक नाही? मग मागं बसा." नाना मागं बसले. कुणीतरी कुजबुजलं, "इकलं आसंल!"

माझं डोकंच फिरलं. परतताना मी म्हणालो, "नाना, लोक तुमची अब्रू काढायलेत. खरं काय ते सांगा."

नाना रस्त्याच्या कडेला थांबले. मग म्हणाले, "बटईनं दिलंय."

"पदक? रान देतात तसं, अर्ध्या वाट्यानं?"

"तेर गावचा एक पोरगा हुता माझ्या तुकडीत. त्यो एकटा बंदूक चालवत ऱ्हायला, म्हणून म्या बाकीच्यांना वढून आणलं. त्याला आणाया गेलो तवर संपलं हुतं. पदक मला गावलं, त्याचं नाव कुणी लिवलं न्हाय. रान दोघांनी कसलं, पीक एकट्यानं कसं खायचं? दिवाळीपसनं गुढीपाडव्यापर्यंत ते त्याच्या आईकडं असतं. म्हातारी रोज न्हाऊ घालती त्याला."

"आणि पाडव्याला परत देते?"

"म्या तिला सांगतो, पदकाची सरकारात हजेरी लावायची हाय. तिला वाटतं, पदक तिच्या पोराचंच हाय."

"मग इथं तरी लोकांना सांगा की!"

"इथं बोललं की तेरला ऐकू जातं. म्हातारी हाय तवर न्हाय."

मी फक्त बशीरभाईंना सांगितलं. त्यानंतर ऑगस्ट-जानेवारीची चेष्टा दुकानात कुणी केली नाही.

*

यंदाचा सव्वीस जानेवारी. थंडी चांगलीच होती. नाना मैदानात आले, तर रांगेतली पहिली जागा भरलेली. पदक चिंचेनं घासल्यासारखं लखलखत होतं. बशीरभाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

साहेब स्वतः पुढं आले. पहिल्या रांगेतली खुर्ची दाखवत म्हणाले, "वा नाना! या वर्षी पदक आणलंत!"

"व्हय साहेब," नाना म्हणाले, "बटई संपली."

आणि ते मागच्या रांगेत जाऊन बसले.