पाटाला आलेली कलिंगडं

आमच्या गावाला पाणी येतं ते डोंगरमाथ्यावरच्या बर्फाचं. ऊन जितकं कडक, तितका पाट भरून वाहतो. म्हणून उन्हाच्या काहिलीत आमची माणसं खुशीत असतात आणि आभाळ आलं की तोंडं पाडून बसतात. पाण्याच्या वाटेवर वरचं गाव आधी, आम्ही नंतर. त्यामुळे भांडणं ठरलेलीच.

सगळ्यांत मोठ्यानं भांडायची ती माझी थोरली जाऊ, सबोहत अपा; अपा म्हणजे आमच्याकडे ताई. शेवटी वैतागून गावानं तिलाच पाटकरी केलं, म्हणजे पाणी वाटून देणारी. "आता भांड स्वतःशीच!" म्हातारे म्हणाले. बाईमाणूस पाटकरी, हे आमच्याकडे कधी घडलं नव्हतं. अपानं गेलेल्या नवऱ्याचे रबरी बूट चढवले, खांद्यावर फावडं टाकलं आणि कामाला लागली.

पाण्याच्या पहिल्याच पाळीला, भर दुपारी, कांद्याच्या वाफ्यांत पाणी शिरतंय न शिरतंय तोच पाट आटला. अपा तरातरा वर निघाली. मागोमाग मी.

वरच्या गावात लग्न! डफ घुमतायत, कर्णे वाजतायत. आणि पाटात आडवी फळी टाकून, तुंबलेल्या पाण्यात ढीगभर कलिंगडं गार करायला सोडलेली.

"अक्रम आका, फळी काढा," अपा गरजली. अक्रम आका, म्हणजे अक्रमदादा, वरच्या गावचे पाटकरी; नवरी त्यांचीच लेक.

"अगं बाई, व्याह्यांना गरम कलिंगड खायला घालू? थांब जरा. आलीच आहेस तर नाच!"

"नाचते. पण बूट काढणार नाही हं!"

अपा नाचली. फावड्यासकट हात पसरून, मान डोलावत, बूट फदफदवत. बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. गिरक्या घेत घेत ती पाटाशी सरकली आणि शेवटच्या गिरकीला फावड्यानं फळी उडवली!

पाणी धो धो सुटलं. कलिंगडंही सुटली.

"धरा! धरा!" अक्रम आका पाटात उतरले आणि दाढीपर्यंत भिजले. नवरदेवानं जरीच्या झग्यासकट उडी मारली. नवरी काठाकाठानं धावत ओरडत होती, "ते मोठं सोडू नका!" वाजंत्री वाजवत वाजवतच पळत सुटले.

खाली आमची माणसं वाट बघत उभी. पाण्याच्या पहिल्या लोंढ्याबरोबर कलिंगडच येऊन धडकलं. "पाणी मागितलं होतं, बाजार का लुटून आणला?" असं कुणी म्हणेपर्यंत दुसरं आलं, तिसरं आलं. अपानं खुशीनं पाठवली असं समजून त्यांनी ती कापलीसुद्धा! तेवढ्यात अख्खी वरात येऊन थडकली, सोबत अपा आणि मी.

अक्रम आकांनी फोडींकडे पाहिलं, अपाकडे पाहिलं.

"गार आहेत का?" त्यांनी विचारलं.

"बर्फासारखी!" कुणीतरी तोंडातल्या घासासकट म्हणालं.

आका हसत सुटले ते थांबेचनात. मग पुलावाची कढईच खाली आणवली आणि उरलेलं लग्न आमच्या जर्दाळूच्या बागेत पार पडलं. अपाचं पाटकरीपण टिकलं. पुढे फळी टाकायची झाली की आका आधी स्वतः येऊन विचारून जात.

त्या दिवशी मात्र अपा पाटात पाय सोडून बसली होती, एकेक फोड खात, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत. भावजी गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.