आमेनच्या आधीची शांतता

पूर्णेत आमच्या गल्लीत एक निवृत्त नर्स राहतात. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. रविवारी त्या इथल्या छोट्या चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतात. आयटीआय करून मी एका डीजेवाल्याकडं वायरिंगला लागलो होतो, आणि कॉम्प्युटरवर नाचाची गाणी बनवायचा नाद लागला होता. ठेका जमायचा, सूर काही केल्या कळायचे नाहीत. म्हणून सिस्टरकडं शिकायला गेलो. आई एवढंच म्हणाली, "शिक, पण घरातल्या देवाला इसरू नको."

सिस्टर मला चर्चमध्येच सरावाला बोलवायच्या. तिथं तीस-चाळीस माणसं गायची. गाणं हळूहळू चढायचं, टाळ्या वाढत जायच्या, आणि शेवटच्या आमेनच्या आधी सगळं एकदम थांबायचं. कुणी खोकायचंसुद्धा नाही. मग आमेन असं उसळून यायचं की माझ्या अंगावर काटा यायचा. नाचाच्या गाण्यातही असंच चढतं, थांबतं आणि फुटतं. ही कुण्या मशीनवाल्याची करामत असेल, असं मी तोवर समजत होतो.

मग त्याच घडणीवर एक गाणं बनवलं. चर्चमधल्या गाण्याचे आवाज मोबाईलवर घेतले होते, ते त्यात घातले आणि रीतसर परवानगी मागायला चर्चच्या कमिटीपुढं गेलो. एक काका म्हणाले, "प्रभूचं गाणं वरातीत वाजवणार? लोक त्यावर काय काय करत्यात, तुला म्हाईत न्हाई का?"

आमच्याकडं आरत्या बिनधास्त डीजेवर वाजतात, कुणी कुणाला विचारत नाही. मी विचारलं, म्हणून अडकलो. सिस्टर कोपऱ्यात मान खाली घालून बसल्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. मी मुकाट्यानं आवाज काढून टाकले. माझ्या स्वतःच्या टाळ्या आणि ती शांतता तेवढी ठेवली.

पालमला भर दुपारी एक वरात होती. तिथं आमच्या डीजेच्या मालकानं माझं गाणं लावलं. लोक रंगात आले, ठेका चढला, आणि शांतता आली. लगेच नवऱ्याचा मामा ओरडला, "बंद पडला का डबा तुमचा?" मालकानं ॲम्प्लिफायरवर थाप मारली. "वायर बघ, वायर!"

"मालक, ते मुद्दाम हाय, थांबा जरा."

पण त्यानं तोवर दुसरं गाणं लावलंसुद्धा. शांततेनंतर जे फुटणार होतं, ज्याच्यासाठी महिनाभर घासलं, ते कुणाच्या कानावर पडलंच नाही. गाडीमागं जाऊन मी भांडलो. तो म्हणाला, "आरं, लोकांना शांतता पायजे असती तर मला कशाला बोलावलं असतं?"

त्यानं ती शांतता कापली आणि गाणं सगळीकडं वाजवलं. सोनपेठला तर लोकांनी तीनदा लावायला सांगितलं. मी बाजूला वायरी धरून उभा होतो, आणि दर वेळी त्या जागेवर दात खायचो.

शेवटी राग सिस्टरवर काढला. "तुमी त्या दिवशी माझ्या बाजूनं का बोलल्या न्हाईत?"

त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "प्रभूचं गाणं वरातीत वाजवणं मलाबी पटलं नव्हतं, बाबा. कमिटीच्या नावावर कशाला ढकलू?"

मनातून मी सगळा दोष त्या काकांना देऊन मोकळा झालो होतो. चहा तसाच टाकून उठलो. दोन महिने त्यांच्या दारात गेलो नाही. मग एका मंगळवारी त्याच हाक मारून म्हणाल्या, "डाव्या हाताचा सराव बुडायलाय." गेलो. त्या विषयावर आम्ही अजून बोललेलो नाही.

परवा मालक म्हणाला, "तसंच लय भारी आणखी एक बनव." मी तयार तुकडे जोडून अर्ध्या तासात काहीतरी करून दिलं. ऐकून तो खूश झाला. ते सध्या सगळ्या वरातींत वाजतंय, आणि लोक विचारतात तेव्हा माझं आहे म्हणून सांगावंसं वाटत नाही.