माशाचा श्रावण

आमच्या वाकोल्याच्या घरात एका वर्षी माशानेही श्रावण पाळला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मासा काकाचा होता. काका म्हणजे माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. संपानंतर त्याची गिरणी काही पुन्हा उघडली नाही आणि तो आमच्याकडे राहायला आला. साकीनाक्याला काचेच्या टाक्या बनवणाऱ्या त्याच्या एका मित्राने गाळा बंद करताना एक टाकी आतल्या माशासकट त्याला देऊन टाकली. पांढुरका, अंगावर काळे पट्टे, तळहाताएवढा मासा. खाडीतला, म्हणून काका पाण्यात मीठ घालायचा. टाकी मात्र अर्धीच भरायचा, कारण खरी गंमत पाण्याच्या वर होती. वरच्या कोरड्या काचेवर मुंगी किंवा झुरळाचं पिल्लू दिसलं की मासा तोंड वर काढून अशी पिचकारी मारायचा की किडा टपकन पाण्यात. शेजारची माणसं मुद्दाम बघायला यायची. दिवसभर घरात बसून असलेल्या काकाला तेवढ्यापुरता जरा भाव मिळायचा.

श्रावण लागला. आम्ही कोकणातली माणसं, माशाशिवाय घास उतरत नाही, पण श्रावण म्हणजे श्रावण. त्या वर्षी आईने तो फारच कडक धरला होता, एकच वेळ जेवायची, काकाला नोकरी लागू दे म्हणून.

"भावोजी, गणपती जाईपर्यंत घरात जीव मारायचा नाही हां," तिने सांगितलं आणि खिडकीची जुनी काच टाकीवर आडवी ठेवली. माशाला ती वरणभात घालू लागली, अगदी मऊ कालवून. भात तळाशी जायचा, पाणी गढूळ व्हायचं, काका ते मुकाट्याने बदलायचा.

ट्यूबलाइटवर येणारे पावसाळी किडे नेमके त्याच काचेवर फिरायचे. मासा खालून नेम धरून पिचकारी मारायचा. पाणी काचेला लागून त्याच्याच अंगावर पडायचं. किडा आपला निवांत. मासा पुन्हा नेम धरायचा. मला ते बघवायचं नाही.

"काच काढ ना रे काका," मी म्हटलं.

"ती माझ्यासाठी उपाशी रवता गो," तो म्हणाला. "तिका मी काय सांगू?"

मला भयंकर राग यायचा आणि तो कुणावर काढायचा तेच कळायचं नाही. आई दुष्ट असती तर बरं झालं असतं.

हळूहळू पिचकाऱ्या थांबल्या. मासा नुसता काचेखाली येऊन वर बघत राहायचा. विसर्जनाच्या आदल्या दिवशी सकाळी तो पाण्यावर तरंगत होता. काकाने त्याला वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर नेलं. परत आल्यावर टाकीतलं पाणी ओतून टाकलं आणि काच पुन्हा होती तशी वर ठेवली.

गणपती गेले आणि काकाला खरोखरच नोकरी लागली, पवईला, वॉचमनची. आईने देवापुढे साखर ठेवली आणि बाजारातून सुरमई आणली.

"बघा, पावला की नाही माझा श्रावण?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्यात मोठी तुकडी तिने काकाच्या ताटात वाढली.

रिकामी टाकी समोरच होती, वर काच तशीच. काका त्या बाजूला न बघता जेवला. काटा तेवढा ताटाच्या कडेला ठेवला.

"अजून एक वाढू, भावोजी?"

"वाड, वयनी," तो म्हणाला आणि त्याने ताट पुढे केलं.