अस्वलाचे दोन साक्षीदार

आमच्या विमा कंपनीत मी 'जंगलातला माणूस' म्हणून ओळखला जातो. कारण एवढंच, की माझं गाव देवरी तालुक्यात, जंगलाला लागून आहे. मोठेपणी मी अस्वल एकदाच पाहिलं, तेही प्राणिसंग्रहालयात, झोपलेलं. पण मुंबईच्या मीटिंगमध्ये वन्यप्राण्यांचा विषय निघाला, की मी खुर्चीत असा रेलून बसतो, जणू कालच एकाशी झटापट करून आलोय.

त्यामुळे मोहफुलं वेचणाऱ्यांसाठी नवा विमा काढायचं ठरलं, तेव्हा मसुदा माझ्याच गळ्यात पडला. फुलं वेचताना अस्वलानं जखमी केलं, तर इलाजाचा खर्च आणि बुडालेली मजुरी मिळणार होती. हे काम मला मनापासून हवं होतं. आमच्या मोठीमायला, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोला, मागच्या उन्हाळ्यात अस्वलानं खांद्याला फाडलं होतं. तो हात अजून वर जात नाही आणि तरी ती यंदा मोहाला जाणारच होती. दिवाळीत मी तिला छाती ठोकून सांगितलं, "मोह पडाच्या आंधी तुया विमा काढून देतो."

"पाहू," ती म्हणाली. माझ्या शब्दांवर तिचा विश्वास नेहमी एवढाच असतो.

नवा विमा म्हणजे काही कढईतून काढली आणि विकली अशी भजी नव्हे. आधी जोखमीचा हिशेब मांडणारे तपासतात, मग वकील, मग कंपनीची समिती. काही प्रकार बाजारात आणून मग नियामकाला, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, कळवले तरी चालतात. आमचा मात्र आधी नियामकाकडे जाणार होता. तिथून मंजुरीचा क्रमांक मिळाल्याशिवाय एकही पॉलिसी विकता येत नाही. समितीला धास्ती खोट्या दाव्यांची. मी जंगलातला माणूस. मी जागच्या जागी अट क्रमांक नऊ सुचवली: हल्ला प्रत्यक्ष पाहणारे दोन साक्षीदार हवेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी त्या दिवशी कॅन्टीनमध्येही जरा ताठच चाललो.

मग नियामकाचे प्रश्न आले. बहुतेक आकडेमोडीचे होते, ते दुसऱ्यांनी वाटून घेतले. एक मात्र माझ्या लाडक्या अटीवर होता. फुलं वेचायला माणसं एकटी जातात की गटानं? एकटी जात असतील, तर या अटीनंतर भरपाई नेमकी कुणाला मिळू शकेल?

माझं डोकंच सणकलं. आमच्या जंगलाबद्दल मला विचारणारे हे कोण? त्यांचं तोंड बंद करायला पुरावा हवा, म्हणून मी मोठीमायला फोन लावला.

"मोहाले तुमी मिळूनच जाता ना?"

"मिळून कायले? ज्याचं झाड त्याचं."

खरंच होतं. आमच्याकडे मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. पहाटे दुसऱ्याच्या झाडाखाली जो फिरकला, तो चोर. लहानपणी मीही आमच्या झाडाखाली टोपली घेऊन एकटाच बसायचो, आणि भीतीनं मोठ्यांदा पाढे म्हणायचो. पाढे माझ्या लक्षात राहिले, एकटेपण मुंबईत कुठंतरी गळून पडलं.

"मंग अस्वल आलं तवा कोणी पाह्यलं?"

"मी पाह्यलं. अन् अस्वलानं पाह्यलं. अजून कोण पाहन?"

मी तिला अट वाचून दाखवली.

"म्हंजे तुया कागदात मी नाईच," ती म्हणाली.

मला अतिशय लाज वाटली. तिच्यासाठी म्हणून विमा बांधला आणि तिलाच दाराबाहेर ठेवून वर कुलूप मी घातलं होतं. नियामकाकडच्या ज्या लोकांनी कदाचित मोहाचं फूल हातातही घेतलं नसेल, त्यांना ते कागदावरून दिसलं. मी दुसऱ्याच दिवशी अट बदलायला घेतली: दवाखान्याची नोंद आणि वनरक्षकाचा पंचनामा पुरे. पुन्हा हिशेबवाले, पुन्हा वकील, पुन्हा समिती. "तुम्हीच ना ते जंगलातले?" असं तिथं कुणीतरी विचारलं. मी पाणी प्यायलो. सुधारलेला मसुदा नियामकाकडे पोचला, तोवर गावाकडे मोह गळायला लागला होता.

दिलेला शब्द तर राहिलाच. शेवटी रजा टाकली, गोंदियाला उतरलो आणि बसनं गाव गाठलं. पहाटे तिच्या मागोमाग झाडाखाली गेलो. ती एका हातानं फुलं वेचत होती. दुसरा नुसता लोंबत होता.

"आली का तुयी मंजुरी?"

"नाई अजून."

"बरं. ऱ्हाय मंग उभा. एक साक्षीदार तं झाला."

तेवढ्यात पलीकडच्या झुडपात वाळली पानं वाजली. मी तिच्या पाठीमागे कधी जाऊन उभा राहिलो, मलाच कळलं नाही. तिनं झुडपाकडे पाहिलं, मग मान वळवून माझ्याकडे.

"पळू नको," ती म्हणाली. "तुले साक्ष द्याची हाय."