अंगावरचा खाकी डगला

"काढ तो डगला."

पाटील चावडीच्या ओट्यावरून बोलला. शेजारी तलाठी, मागे गावातले दहा-बारा शेतकरी. पौषातली सकाळ, वारा बोचत होता. मी येसकराची घुंगराची काठी धरून खाली धुळीत उभी.

"सरकारना डगला घालीसन चावडीम्होरे उभी ऱ्हास? तुना नवरा लढाईवर शे. तू नही."

नवरा रजेवर आला तेव्हा पलटणीतला तो जुना डगला मला देऊन गेला होता. माझ्या अंगावर काय उरलंय ते त्यानं पाहिलं होतं. लढाई लागली, कापड कंट्रोलमध्ये गेलं, आणि महारवाड्याची पाळी येईतो ते संपलेलंच असायचं. लुगडं ठिगळांवर उभं. चोळीला तर पाठच नव्हती, पुढूनही फाटलेली. पाटलाला हे माहीत होतं. म्हणून तर सांगितलं.

मी काढला. हो, काढला. खोटं कशाला बोलू? पदर पाठीवर ओढला की पुढून उघडी, पुढे ओढला की मागून. कोणीतरी हसलं. तलाठ्यानं कागदात डोकं घातलं.

मग काम सांगितलं. लेव्हीचा, म्हणजे सरकारी धान्यवसुलीचा, साहेब येणार, पलीकडच्या तीन गावांना वर्दी दे.

हे येसकराचं काम नवऱ्याचं. निरोप पोचवायचे, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचं, मेलेलं ढोर ओढायचं. तो पलटणीत गेला तेव्हा मला वाटलं, सुटलो. पाटील म्हणाला, "पाळी घरनी ऱ्हास, माणूसनी नही." त्या कामाबद्दल संध्याकाळी घरोघर भाकर मिळायची, तीही बंद झाली. दाणे लेव्हीत गेले म्हणे. भाकर लढाईनं नेली, काठी माझ्या हातात ठेवली.

गावाबाहेर पडले आणि डगला अंगात घातला. कोसभर चालले. पुढच्या गावची घरं दिसली आणि मी तो काढायला लागले. आपणहून. तिथं पाटील नव्हता, कोणी बोललं नव्हतं. एक बाही निघालीसुद्धा होती. तेव्हा माझीच मला किळस आली. बांधावर बसून रडले, पाटलाला शिव्या घातल्या, त्याहून जास्त स्वतःला.

बाही परत चढवली. वर्दी दिली नाही. माघारी फिरले.

चावडी भरलेलीच होती. ज्या ओट्याला आमचा हात लागायचा नाही, त्या ओट्यावर मी काठी ठेवली.

"आबा, ही तुमनी काठी. आते बठ्ठं गाव पाळीपाळीनं धरा."

पाटील ताडकन उठला. "वतननी जमीन जाई!"

"जाऊ द्या."

कोणीतरी सासूला सांगितलं. ती धावत आली, माझा हात धरून रडायला लागली. "पोरी, खासूत काय?" तिचंही खरं होतं. या कामापोटी मिळालेला तो तुकडा गेला तर घरात दाणा नव्हता. पण माणसं लढाईवर गेल्यापासून भुसावळला कोळसा उतरवायला बाया घेत होते. पाटी उचलणाऱ्या बाईचा डगला कोण काढायला लावणार? आणि लावलाच तर मी आता काढणार नव्हते.

पाटील हसला. "तुना नवरा येवू दे. तोच उचलीन काठी."

नवरा गरीब स्वभावाचा, जमिनीवर जीव असलेला. उचललीही असती त्यानं. तरी मी सगळ्यांदेखत बोलले.

"आबा, ज्या दिवशी त्याना हातमा काठी दिसनी, त्या दिवशी तो मना नवरा नही."